धाकट्याचा गोटा आणि तो गाजलेला सिनेमा

आज संध्याकाळी सहा वाजता निपाणी स्टँडजवळ मी आसामच्या बिरेनच्या गाड्यावर मोमो खात होतो. तेवढ्यात धाकटा भाऊ डोक्याचा गोटा करून आला.

मी प्लेट ठेवून त्याच्या आणि बिरेनच्या मधे उभा राहिलो. कालच त्यानं एक गाजलेला अमेरिकन सिनेमा पाहिला होता. त्यात असाच गोटा केलेली गोरी पोरं बाहेरून आलेल्यांना मारतात.

बिरेननं मात्र काळजीनं विचारलं, "भैया, पिताजी ठीक हैं ना?"

भाऊ लाजला. "ठीक हैं." मग मला म्हणाला, "फक्त स्टाईल आवडली, अण्णा. ती मारामारी बघून रात्री जेवलो न्हाय."

"आता हे डोकं बघून आप्पा जेवायचे न्हाईत!"

तिघंही हसलो. जीव भांड्यात पडला. मारामारीची किळस यावी असं दाखवणाऱ्या त्या सिनेमाचं कौतुक मला आज पटलं. तुमच्या घरच्या पोरांनी त्यातून काय घेतलं, विचारलंत का?