पुढाऱ्याचा वॉलॉंगॉंगचा मांडव

२०२० साली पुढारी एकोणऐंशी वर्षांचा होता आणि कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवायलासुद्धा कोट घालून जायचा. ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगला आमच्या कुंपणापलीकडे तो आणि त्याची नर्स मुलगी लैला राहत. मी मुलाकडे थोडे दिवस म्हणून आलेलो. विमानं बंद झाली आणि अडकलो. मी सांगलीचा मांडववाला. चौथीत शाळा सुटली, पण सभांची स्टेजं उभारण्यात जन्म गेला. पुढारी मला चालण्यावरून कळतो.

हा पॅलेस्टाईनचा. छावणीतल्या शाळेत मास्तर होता, बोलता बोलता संघटनेचा मोठा माणूस झाला. अम्मानहून हाकलला, बैरूतहून बोटीत बसवला, ट्युनिसला म्हातारा झाला, शेवटी मुलीमागून इथे आला. अध्यक्षपद मात्र त्याच्याकडेच होतं. "देश गेला, खुर्ची राहिली," असं तो म्हणायचा आणि हसायचा नाही.

मला तो 'अबू सुनील' म्हणायचा, म्हणजे सुनीलचा बाप. मी म्हटलं, "आमच्याकडे बायकांना पोरावरून हाक मारतात. मला माझं नाव आहे."

"नाव पोलिसांना सांगायचं असतं," तो म्हणाला. दोघांचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे भांडण नीट व्हायचं.

एकदा मी कुरकुरलो, किती महिने झाले, घर बघितलं नाही. तो म्हणाला, "तुझं फक्त विमान बंद आहे." त्यानंतर त्याच्यापुढे मी घराचं नाव काढलं नाही.

त्या थंडीत संघटनेची निवडणूक कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरलं. पुढारी बसून बोलायला तयार नाही. "बसून माफी मागतात. भाषण उभ्यानं करतात." कॉम्प्युटरवरच्या मागच्या बैठकीत तो उभा राहिला, तर देशोदेशीच्या लोकांना नुसतं त्याचं पोट दिसलं. शिवाय आवाज मैदानातला, आणि लैला रात्रपाळी करून दिवसा झोपायची.

"अंकल, तुम्हीच समजवा," ती कुंपणावरून म्हणाली. "हे पद गेलं तर त्यांच्याजवळ काहीच उरत नाही."

मी समजावलं नाही. त्यांच्या परसात मांडव घातला. इथे परसात खांबावर कपडे वाळवायची लोखंडी छत्री असते, तिला चादरी ताणल्या, खाली विटांवर फळ्या टाकल्या, समोर शिडी लावून तिच्यावर लॅपटॉप बांधला.

सुनील म्हणाला, "बाबा, खुर्चीत बसवा ना त्यांना. सिंपल आहे."

"तू गप. पुढारी स्टेजवर चढतो."

तो चढला. बराच वेळ बोलला. अरबीतला एक शब्द मला कळत नाही, पण आवाज कुठे फाटला ते कळलं. मग हात वर झाले, आणि बैरूतचा एक तरुण निवडून आला. पडद्यावर टाळ्या सुरू झाल्या. यानंही वाजवल्या. मग लॅपटॉप मिटून खाली उतरला.

"अबू सुनील, पूर्ण दिसलो ना?"

"पूर्ण."

"मग झालं," म्हणाला आणि घरात गेला.

सभा संपली की पुढारी गाडीत बसतो. मांडव सोडायला आम्हीच मागे उरतो. आयुष्यभर हेच बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फळ्या काढायला गेलो, तर तो आधीच तिथे उभा. कोट काढून त्यानं छत्रीच्या दांड्याला अडकवला आणि फळीचं दुसरं टोक धरलं.