एका मापाचे ड्रिपर

सडलेल्या कोरफडीच्या कुंडीवर ठिबक नळीच्या ड्रिपरचा एक थेंब लोंबतो आहे आणि मला त्याच्याकडे बघवत नाही. गच्चीतल्या अठरा कुंड्यांसाठी मी असा पंप निवडला, की त्याने अख्खं धरण दुपारपर्यंत कोरडं केलं असतं. ड्रिपर मात्र सरसकट एकाच मापाचे. कोरफडीला जेवढं पाणी, मोगऱ्यालाही तेवढंच.

त्याआधी खालच्या मजल्यावरच्या मालूताई रोज सकाळी तांब्या घेऊन झाडांना पाणी घालायला वर यायच्या. "मालूताई, आता तुम्हाला सुट्टी! हे यंत्र सगळ्या तालुक्याला पाणी पाजेल," असं मी छाती फुगवून सांगितलं. "बरं हो भाऊ," एवढंच त्या म्हणाल्या.

महिन्याभरात कोरफड सडली, मोगरा वाळला. आज त्यांना वर बोलावलं. चिमटीत माती चोळत त्या म्हणाल्या, "हिला आठवड्याला घोटभर पुरतं. हा मोगरा मेला हावरट, याला रोज दोन तांबे लागतात."

कोणाची तहान किती, हे मी पंपाच्या दुकानदाराला विचारत बसलो होतो. मान खाली घालून म्हणालो, "उद्यापासून याल का पुन्हा?"

"येतच होते की दारापर्यंत. पंप चोरीला जाईल म्हणून तुम्हीच गच्चीला कुलूप घातलंत."