बिनचित्राची कार्डं

आमच्या वरच्या मजल्यावरच्या रंगारीकाकांना साठी उलटेपर्यंत वाचता येत नव्हतं, आणि ही गोष्ट फक्त काकूंना ठाऊक होती.

आकडे काकांना येत. भिंतीची उंची, डब्यावरचे लिटर, शेडचा नंबर, सगळं बिनचूक. अक्षरांशी मात्र त्यांची कधी ओळखच झाली नाही. लहानपणी वडिलांच्या हाताखाली ब्रश धरला आणि शाळा राहिली ती राहिलीच. लग्नानंतर काही दिवसांतच काकूंच्या ते लक्षात आलं. त्यांनी त्याचा गवगवा केला नाही. नवं काम मिळालं की शेडकार्ड मांडीवर घेऊन त्या एकेका रंगाचं नाव वाचून दाखवत, काका ते पाठ करत. गिऱ्हाईक म्हणालं, "हा नको, जरा मोतिया दाखवा," की काकांचं बोट नेमकं त्या चौकोनावर जाई. बिलं, औषधं, मुलीच्या शाळेतून येणारे कागद, हे सगळं काकूंचं खातं. चारचौघांत कुणी कागद पुढे केला तर काका खिसे चाचपत म्हणत, "चष्मा घरीच राहिला बघा," आणि काकू तो कागद अलगद आपल्याकडे घेत. मुलगी मोठी झाली, लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली, पण तिलाही कधी संशय आला नाही.

मग एका सकाळी कप विसळता विसळता काकू सिंकपाशीच खाली बसल्या. त्यांना उठता येईना. काकांनी आरडाओरडा केला, आम्ही धावत वर गेलो, त्यांना दवाखान्यात पोचवलं. जीव वाचला. पण उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. समोरच्याचं सगळं समजे, बोलायला गेल्या की मात्र एकच शब्द बाहेर पडे: "नाही." चहा हवाय का विचारलं तर "नाही, नाही" म्हणत डाव्या हाताने कप ओढून घेत.

दवाखान्यात बोलायचा सराव करून घेणाऱ्या मॅडम होत्या. आमच्या मुलीएवढ्या असतील, पण शिस्तीला करड्या. त्यांनी काकांना कार्डांचा गठ्ठा दिला. प्रत्येक कार्डावर चित्र आणि खाली शब्द. कार्ड दाखवायचं, शब्द मोठ्याने म्हणायचा, काकूंकडून म्हणवून घ्यायचा. काकांनी काम बंद ठेवलं आणि रोज सकाळ-संध्याकाळ कार्डं धरली. कप, दार, पाणी, खुर्ची. चित्र बघून बोलायला काय लागतं? काकूंचे ओठ हलायला लागले. हळूहळू "पा" आला, मग "पाणी" आलं. काका खाली येऊन आम्हाला सांगून गेले.

प्रगती बघून मॅडमनी दुसरा गठ्ठा दिला. त्यावर चित्रंच नव्हती. नुसते शब्द.

"काय करणार होतो?" काकांनीच पुढे मला सांगितलं. "दिलं ठोकून."

मनाला येईल तो शब्द म्हणत त्यांनी कार्ड वर धरलं. "कंगवा." काकूंनी डाव्या हाताने टेबलावर चापट मारली. "नाही!" काकांनी दुसरं कार्ड काढलं. "उशी." पुन्हा चापट. "नाही!" तिसऱ्या कार्डाला तर काकूंनी चापट मारली आणि वर त्या हसूही लागल्या. काका घाबरले. बाई बऱ्या होत होत्या, आता डोक्यावर परिणाम झाला, असं त्यांच्या मनाने घेतलं.

पुढच्या खेपेला ते मॅडमना म्हणाले, "मागे चाललीय हो ती. प्रत्येक शब्दाला नाही म्हणते."

मॅडमनी तोच गठ्ठा घेऊन काकूंपुढे कार्डं पसरली. "चमचा कुठाय?" काकूंनी बोट ठेवलं. "साबण?" ठेवलं. एकही चुकलं नाही. मॅडमनी काकांकडे पाहिलं. मग एक कार्ड काकांपुढे धरून म्हणाल्या, "काका, हे तुम्ही घरी कसं म्हणता, दाखवा बरं."

काकांचे हात खिशाकडे गेले. "चष्मा..."

"डोळ्यांवर आहे तुमच्या."

काका खाली बघत बसले. काकू हसत होत्या, आणि हसता हसताच त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आयुष्यभर झाकून ठेवलेलं त्यांच्यासमोर उघडं पडलं होतं आणि मधे पडून कागद हातात घ्यायची सोय उरली नव्हती.

मॅडम ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "म्हणजे त्या सगळा वेळ बरोबर होत्या." वाचनालयाच्या तळमजल्यावर मोठ्यांसाठी संध्याकाळी वर्ग भरतो, तिथे जाऊन या, असं त्यांनी सांगितलं.

"या वयात मी पाटी घेऊन बसू?" काका घरी येऊन कुरकुरले. "आणि तुझ्याजवळ कोण थांबेल?"

मी थांबते म्हटलं. तरी त्यांची टाळाटाळ चालूच. तेव्हा काकूंनी कार्डं चाळून एक शोधलं, काकांच्या छातीला टेकवलं आणि जोर लावून म्हणाल्या, "जा."

काका गेले.

वर्गाच्या बाईंनी पाटी दिलीच नाही. "घरात, कामावर जे अडतं ते घेऊन या," म्हणाल्या. एका आजींनी वॉशिंग मशीनच्या बटणांचा फोटो आणला. एका टॅक्सीवाल्याने रस्त्यावरच्या पाट्यांचे फोटो आणले. काकांनी शेडकार्ड नेलं आणि काकूंच्या गोळ्यांच्या पट्ट्या. पट्ट्या ते रंगावरून ओळखत. दुकानदाराने एकदा दुसऱ्या कंपनीची दिली, तेव्हा सकाळची गोळी कुठली आणि रात्रीची कुठली हे कळेना म्हणून त्यांना आमच्या दारात यावं लागलं होतं. बाईंनी त्या पट्ट्यांवरूनच 'सकाळी', 'रात्री', 'जेवणानंतर' शिकवलं. शेडकार्ड तर त्यांनी वर्गातल्या सगळ्यांसमोर उघडलं. रंगांची नावं काकांना तोंडपाठ होती. नाव आठवायचं आणि त्यातलं कुठलं अक्षर कुठे बसलंय ते बघायचं. मोतियातला 'म' सापडला तसा मग तो मिठाच्या पुड्यावर, मीटरच्या बिलावर, सगळीकडे दिसू लागला. जोडाक्षरांवर मात्र ते भडकत. "एकमेकांच्या उरावर बसलीत नुसती," म्हणत. "पुट्टीसारखं खरवडून वेगळं करता आलं असतं तर!"

खरा अभ्यास घरी होई. दोघं टेबलाशी बसत. काका कार्ड वाचत, काकू ऐकत. चुकलं की टेबलावर चापट. बरोबर आलं की काकूंनी तोच शब्द म्हणायचा. भिंतीपलीकडच्यांना वाटे, भांडण चाललंय. "साखर." चापट. "अगं साखरच आहे!" चापट. "साबर... साबण. साबण!" आणि मग बऱ्याच वेळाने काकूंचा घोगरा आवाज: "साबण."

काकांनी मुलीला पहिला मेसेज पाठवला तो असा: 'आइ आज चार पाउल चालि'. मुलीचा लगेच फोन. "बाबा, फोन कुणाकडे आहे? कुणी लिहिलं हे?"

"मीच. शिकतोय."

मग ती म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं... मला का नाही सांगितलंत?"

"लाज वाटायची ग," काका म्हणाले. "तुझी वह्यापुस्तकं मी नुसती उघडून बसायचो."

मुलगी रडली. रागावलीही. पुढच्या महिन्यात ती आली तेव्हा दोन दिवस काकांशी नीट बोलली नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच टेबलाशी येऊन बसली आणि कार्डं पिसायला लागली.

काका आता पुन्हा कामावर जातात, अर्धा दिवस. डब्यावरची सूचना स्वतः वाचतात, जरा जास्तच मोठ्याने. पेपर मात्र त्यांना अजून झेपत नाही, मथळ्यांवर भागवतात. काकू सुटे सुटे शब्द बोलतात, अख्खं वाक्य क्वचित. वर्गाच्या बाईंनी मोठ्या अक्षरांत छापलेलं गोष्टींचं पुस्तक दिलंय, संध्याकाळी काका ते वाचून दाखवतात. परवा मी त्यांच्याकडे गेले तेव्हा गोष्टीतल्या बाईचं दार कुणीतरी ठोठावत होतं आणि काका 'ठोठावलं'वर अडले होते. एकेक अक्षर सुटं करत बसले. काकूंना तेवढा धीर कुठला! त्यांनी पुस्तकाचं पान बोटाने दाबून धरलं.

"पुढे," त्या म्हणाल्या. "पुढे वाच."