फाटकाबाहेरचा टॉवेल

पालिकेच्या नव्या पोहण्याच्या तलावाच्या फाटकाशी शेजारचे तात्या खांद्यावर टॉवेल टाकून उभे होते. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी त्यांना पोहायला सांगितलंय. "ऋण काढून सण कशाला?" म्हणणाऱ्या याच तात्यांना मी वॉर्डसभेत या तलावासाठीच्या कर्जरोख्यांच्या बाजूनं हात वर करायला लावला होता. टाळ्या पडल्या, म्हणून भाषण आणखी लांबवलंही होतं.

आज पाटी लागली होती : 'फक्त क्लबच्या सभासदांसाठी.' म्हणजे कर्ज साऱ्या गावानं फेडायचं आणि पाण्यात मोजक्यांनी उतरायचं! पालिकेनं मला फसवलं, ते एक वेळ ठीक. पण तात्यांना फसवायला घसा माझाच वापरला.

कपाळावर पोहण्याचा नवा गॉगल चढवून मी रखवालदाराशी भांडत होतो. तात्यांनी शांतपणे टॉवेलची घडी घातली.

"चला वक्ते," ते म्हणाले, "तुमच्या भाषणात हे फाटक नव्हतं हो."