आखाजीला माहेरी न जाणारी

सकाळी तोंड धुऊन झालं की आक्का दारात यायची, उगवतीकडे तोंड करायची आणि कडाकडा बोटं मोडायची. नव्या भाडेकरूंना वाटायचं, बाई सूर्याला नमस्कार करतेय. नमस्कार कसला! उगवतीला खानदेश, खानदेशात तिचं माहेर आणि माहेरी तिचा भाऊ. त्याच्या नावानं बोटं मोडल्याशिवाय तिला चहा गोड लागत नसे. "झाली एवढी वर्षं आक्का, सोडा आता," असं कोणी म्हटलं की ती डोळे वटारायची. "मी सोडस का?"

तुमच्याही गल्लीत अशी एखादी डूख धरणारी असेल. पण आमच्या आक्काची सर तिला यायची नाही, हे मी पैजेवर सांगते.

सुरतेत, गोडादऱ्यात आमच्या खोल्यांची भिंत एक. तिचा नवरा आणि माझे बाबा एकाच लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, कारीगर. आक्का दिवसभर उंबऱ्यात बसून बाजारातून आलेल्या साड्यांना टिकल्या चिकटवायची. डिंकानं बोटं कायम चिकट, आणि तोंड कायम सुटलेलं.

मी नववीत आपटले तेव्हा आमची खरी ओळख झाली. आपटले म्हणजे गणितात, विज्ञानात आणि इंग्रजीत. शाळेनं दया करून दहावीत ढकललं, एवढंच. बाबांनी तर गावी सगळ्या भाऊबंदांत सांगून ठेवलेलं, "माझी पोरगी कॉलेज करेल." कॉलेजात काय शिकवतात हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण शब्द दिला होता. त्यावर काका मांडीवर थाप मारून हसले होते, "सुरतेला जाऊन डोकं फिरलं याचं!"

माझे मार्क बघून बाबांनी मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "या आखाजीला गावी जायचं नाही. काय तोंड दाखवू?"

आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया, आमच्याकडे दिवाळीपेक्षा मोठा सण. सासुरवाशिणी माहेरी जातात, झोके घेतात, गाणी म्हणतात. आईची पिशवी भरून तयार होती. तिनं ती मुकाट्यानं रिकामी केली, आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. माझ्या मार्कांनी तिचं माहेर बुडवलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गल्ली ओस पडली. उरलो आम्ही आणि आक्का. तिचा भाऊ नेमानं दरवर्षी मुऱ्हाळी म्हणून तिला न्यायला यायचा, आणि नेमानं हात हलवत परत जायचा. त्याही वर्षी आला. आक्कानं त्याला उंबऱ्याबाहेरूनच वाटेला लावलं आणि मला हाक मारली.

"पोरी, इकडे ये. कोण हसलं तुला?"

"काका," मी म्हटलं. "शाळेतल्या बाई हसल्या. समोरच्या खोलीतली हसली."

"हां. नावं ध्यानात ठेव. रडू नको, रडून राग पातळ होतो."

मग तिनं तिची गोष्ट सांगितली. ती आणि भाऊ नववीला एकाच वर्गात. ती पास, तो नापास. बाप म्हणाला, पोरगी पुढे गेली तर पोराचं मन मोडेल. तिचं दप्तर त्याला दिलं आणि तिचं लग्न लावलं. भाऊ पडत-झडत दहावी झाला, तालुक्याच्या कचेरीत चिकटला. "मन मोडेल!" आक्का म्हणाली, आणि टिकली अशी दाबली की साडीला भोक पडायचंच राहिलं.

त्या दिवशी तिनं शपथ घेतली. "तू कॉलेजात गेली की मी माहेरी जाईन. तोवर नाही. आता बघ बाई, तुझ्या बापाचं नाक आणि माझं माहेर, दोन्ही तुझ्या हातात."

असली मास्तरीण मी पुन्हा पाहिली नाही. तिला दहावीचं गणित येत नव्हतं, आणि तसा आवही तिनं आणला नाही. मी तिच्या उंबऱ्यात बसून मोठ्यानं गणित सोडवायची, ती टिकल्या लावायची. मी अडखळले की मान वर न करता म्हणायची, "हसला बघ काका." झालं! डोक्यात सणक जायची आणि मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करायची. लोक देवाचं नाव घेऊन अभ्यास करतात, मी काकाच्या नावानं केला. प्रमेय सुटलं की आक्का विचारायची, "गेलं का त्याचं नाक?" कधी मी खूप दमले की स्वतःच्या ताटातली भाकरी मोडून माझ्या हातात ठेवायची, आणि म्हणायची, "खा. उपाशी माणसाला बदला झेपत नाही."

दहावीला फर्स्ट क्लास आला. बाबा खात्यात पेढे वाटत सुटले. आक्कानं गावी जाणाऱ्याच्या हाती काकांसाठी दोन पेढे वेगळे बांधून दिले. "एक खायला, एक घशात अडकायला." मला त्या पेढ्यांची गोडी अजून आठवते, आणि मी तर ते खाल्लेही नव्हते.

बारावी झाली, मी कॉमर्स कॉलेजात गेले. पहिलं वर्ष सरलं आणि आखाजी आली. आक्कानं नवं लुगडं नेसलं, मला सोबत घेतलं आणि भुसावळकडे जाणारी गाडी पकडली. भाऊ न्यायला येण्याआधीच आम्ही त्याच्या दारात.

तिचं माहेर पांझरेच्या काठी. तिकडे गौराई बोळवायच्या दिवशी दोन काठांवर दोन गावच्या बाया उभ्या राहतात आणि एकमेकींना मनसोक्त शिव्या घालतात, ढेकळं फेकतात. त्या दिवशी कुणी रागवायचं नाही, असा रिवाज. आक्का माहेरच्या बायांबरोबर नदीवर आली, घटकाभर उभी राहिली. मग चपला हातात घेतल्या, कोरडं पात्र ओलांडलं, पलीकडच्या गावच्या बायांत जाऊन उभी राहिली आणि आपल्याच गावाकडे तोंड केलं.

आई गं! काय ते तोंड सुटलं! बाप, आजा, ती शाळा, ते दप्तर, एकेकाचा उद्धार. शेवटी भावाचं नाव घेऊन म्हणाली, "नापास्या! माझ्या दप्तरावर मोठा झाला! ही बघ माझी पोर, कॉलेजात शिकते!" परक्या गावच्या बायांनी तिला डोक्यावर घेतलं. मी तिच्या शेजारी ताठ उभी होते. खोटं कशाला बोलू, मला स्वर्ग दोन बोटं उरला होता.

भाऊ पलीकडे पुरुषांच्या घोळक्यात होता. सगळं ऐकून झाल्यावर तो पुढे आला आणि ओरडला, "ताई, तू वर्गात पहिली आलती! तेही सांग ना सगळ्यांना!"

पहिली आल्याचं आक्कानं आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. क्षणभर मला वाटलं, विरघळली. पण तिनं वाकून ढेकूळ उचललं आणि त्याच्या छातीवर हाणलं.

परतीच्या गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. सुरतेच्या अलीकडे उधन्याला उतरताना म्हणाली, "पहिली आलती हे त्याला ठाऊक होतं. मग तेव्हा बापापुढे का नाही बोलला?"

पुढच्या हिवाळ्यात ती कावीळ होऊन गेली. दहाव्याला भाऊ आला, हमसून हमसून रडला. बायका मलाच म्हणाल्या, जा, पाणी दे त्याला. मी तांब्या दिला आणि तिचा गाडीतला प्रश्न त्याला विचारला, जसाच्या तसा. सगळे माझ्यावर खेकसले, ही काय वेळ आहे का? दुसरी कुठली वेळ होती?

त्यानं पाणी प्यायलं नाही. तांब्या तसाच खाली ठेवला. आईनं माझा दंड ओढला, तरी मी त्याच्यासमोरून हलले नाही.