बर्फाचा उच्चार

काल खारघरच्या माझ्या फ्रेंचच्या क्लासमध्ये एका मुलीने मोबाईलवर कॅनडातल्या क्वेबेकची बातमी लावली. निवेदिका बर्फाला ‘नाइज’ म्हणाली. मी शिकवते तो शब्द ‘नेज’. तिकडे त्यातला ‘ए’ लांबतो आणि ‘आइ’कडे झुकतो. मुली हसल्या. मला मात्र आमच्या समोरच्या फ्लॅटमधले जाधवकाका-काकू आठवले.

दोघं मूळचे साताऱ्याकडचे. त्यांचा संदीप क्वेबेकमध्ये एका गोदामात कामाला होता. एका सकाळी काका चालू फोन हातात धरून माझ्या दारात आले. मागे काकू, हाताला कणीक तशीच.

“मॅडम, संदीपच्या तिकडच्या गावातनं कुणीतरी बोलतंय, तुमच्या फ्रेंचमधी वाटतं. त्या माणसाला इंग्रजी येत नाय. जरा बघता का?”

पलीकडे पोलीस होता. तो भराभर बोलत होता आणि ‘नाइज’ काही मला कळेना. मी पुन्हा विचारलं. दुसऱ्यांदा त्याने सावकाश सांगितलं, तेव्हा सगळं कळलं. संदीप बर्फात सापडला होता. तो गेला होता.

काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी मान वळवली आणि पोलिसाला म्हटलं, “पुन्हा एकदा सांगाल?” त्याने बिचाऱ्याने पुन्हा सांगितलं. तेव्हा वाटलं, मी या दोघांना थोडा वेळ देतेय. आता वाटतं, तेवढ्या वेळात त्यांची आशा वाढतच गेली.

काका हळूच म्हणाले, “नाय कळत तर ऱ्हाऊ द्या मॅडम. सांजच्याला संदीपचा फोन येतोच. त्यालाच इचारू.”

मी फोन बंद केला आणि आधी काकूंना खाली बसवलं.