जेबाची तुरपाई

आमच्या फॅशन डिझाइनच्या वर्गात जेबाला काय काय नावं पडली होती ते सांगत बसत नाही, त्यातली निम्मी मीच पाडली होती. सगळ्यात जास्त चाललं ते झोपाळू. पहिल्याच तासाला शिल्पा मॅडम इटलीत पुढच्या हिवाळ्यात कुठला रंग चालणार ते सांगायच्या. बाहेर नांदेडचं बेचाळीस डिग्री ऊन, वर पंखा नुसता कुरकुरणारा, आणि ही जेबाबाई दुसऱ्या बाकावर उघड्या डोळ्यांनी झोपलेली. उघड्या डोळ्यांनी झोपता येतं हे मला तिच्यामुळं कळलं. मॅडमनी उठवलं की ती उत्तर मात्र बरोबर द्यायची, त्याचा आम्हाला लई राग यायचा.

ती हिमायतनगरची. रोज रेल्वेनं यायची आणि रेल्वेनं जायची. तिचे वडील नासिरचाचा, बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं बायकांचे कपडे शिवायचं दुकान. रेडिमेड ड्रेस आले तसं दुकान अर्ध्यावर आलं, आणि चाचांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तसं राहिलेलं अर्धं जेबाच्या अंगावर आलं. पहाटेची नमाज झाली की ती मशीनवर बसायची. मग रेल्वे, मग कॉलेज, मग परत रेल्वे, मग परत मशीन. गाडीतसुद्धा मांडीवर कुणाचा तरी ब्लाउज असायचाच. कपड्याची कड दुमडून हातानं बारीक टाके घालायचे, त्याला तुरपाई म्हणतात. ती तिची तुरपाई गाडीत व्हायची. मधल्या सगळ्या स्टेशनांवर काय दिसतं ते तिला आजही सांगता येणार नाही.

फॅशन डिझाइनची डिग्री हे तिच्या घरात कुणाच्या डोक्यात आलं म्हणाल, तर चाचांच्याच. कुणा गिऱ्हाइकानं सांगितलं होतं की ही डिग्री असली की कंपनीत टेबल मिळतं, पाठ वाकत नाही. त्यांची पाठ वाकलेलीच होती, त्यांनी पोरीचं नाव घातलं. अट एकच, नोकरी करायची तर लातूरला, कारण तिथं जेबाची खाला, म्हणजे मावशी राहते. पुणं नाही, मुंबई नाही, हैदराबाद तर नाहीच. एकदा तिची चित्रांची वही बघून चाचांनी मला विचारलं होतं, ह्या एवढ्या लांब तंगड्यांच्या बाया कुठल्या गावच्या, ह्यांना कापड किती लागेल. मी हसून हसून बेजार. जेबा हसली नाही, तिनं खरंच हिशेब करून सांगितलं, साडेतीन मीटर.

आता माझंही सांगते, उगाच मी सोवळी आहे असं वाटायला नको. मी तनुजा, मुखेडकडची. घरी शेती. नर्सिंगला नंबर लागला नाही म्हणून मी या डिग्रीला आले, दुसरं काही थोर कारण नाही. सुट्टीत गावी गेलं की बाया विचारायच्या, काय शिकून राहिलीस गं. फॅशन म्हटलं की तोंडाला पदर लावायच्या, आणि पाच मिनिटांनी हळूच ब्लाउजचं कापड पुढं करायच्या. मला ब्लाउज येत नव्हता. तिसऱ्या वर्षापर्यंत आला नाही. लाज वाटायची ती वाटून गेली, कारण वर्गात एक जेबा सोडली तर कुणालाच येत नव्हता. लॅबमध्ये आठ मशिनी, त्यातल्या चालू तीन. आम्ही चित्रं मात्र झकास काढायचो.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी फायनल कलेक्शन असतं. चार पोशाख, आपणच कल्पना करायची, आपणच कापायचं, आपणच शिवायचं. नोटीस बोर्डावर ठळक लिहिलं होतं, दुसऱ्याकडून शिवून आणलं असं सिद्ध झालं तर कलेक्शन रद्द आणि वर्ष परत. त्या वर्षी लातूरच्या एमआयडीसीतली एक कंपनी येणार होती, शाळेचे आणि दवाखान्यांचे युनिफॉर्म बनवणारी. जागा एकच, सॅम्पलिंगमध्ये. म्हणजे हजारो नग शिवायच्या आधी जो पहिला नग करतात, तो करायचं काम. ही जागा कुणासाठी होती हे कॉलेजातल्या शिपायालासुद्धा माहीत होतं. लातूर, खालाचं घर, आणि हाताचं काम. जेबाला दुसरी संधी नव्हतीच. आमच्यापैकी कुणी पुण्याला जाऊन बघितलं असतं, कुणाचं लग्न झालं असतं. तिला एवढंच दार होतं.

आणि आम्ही काय केलं? आम्ही पाच जणी आपापली कापडं घेऊन तिच्याकडंच गेलो. सगळ्यात आधी मी. ती नाही म्हणाली नाही. नाही म्हणायलाही ताकद लागते, ती तिच्यात उरली नव्हती, आणि गिऱ्हाईक परत पाठवायची त्यांच्या घरात रीत नव्हती. पाच जणींचे वीस आणि तिचे चार. दोन महिने ती पोरगी मेंढरासारखी खाली मान घालून शिवत होती. डोळ्यांखाली काळं झालं, बोटाला टोचून टोचून घट्टे पडले. मी रोज विचारायचे, झालं का गं माझं. एवढंच विचारायचे, जेवलीस का असं एकदाही विचारलं नाही. आठवलं की मला माझीच शिसारी येते.

एकदाच ती वैतागली. म्हणाली, निदान तुरपाई तरी तुझी तू कर. मग कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून तिनं मला शिकवली. टाका बाहेरून दिसता कामा नये, दोरा ओढायचा नाही, आणि संपवताना तीन उलटे टाके घालून टोक दुमडीत सारून द्यायचं. ही चाचांची पद्धत. पंधरा दिवस मी जुन्या चादरीवर गिरवत बसले. तीन वर्षांत मी हातानं काही शिकले असेन तर तेवढंच. माझ्या कलेक्शनची तुरपाई मात्र शेवटी तिनंच केली, मी शिकेपर्यंत दिवस उरले नव्हते.

परीक्षेच्या दिवशी कंपनीचे गुरुपादप्पा साहेब आले. साठीचे, निलंग्याकडचे, स्वतः टेलरचे मॅनेजर झालेले. मॅडमनी त्यांना आमचे मूडबोर्ड, म्हणजे चित्रं आणि रंग चिकटवलेले पुठ्ठे दाखवले, त्यांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी जे केलं ते आधी कुणी केलं नव्हतं. हँगरवरचा एकेक कपडा उलटा केला आणि आतून बघत गेले. खिशातून टेप काढून बाजूच्या शिवणी मोजल्या. आमच्या प्रत्येकीच्या परीक्षेच्या कागदावर छापलेलं होतं, शिवणीच्या आत एक सेंटिमीटर कापड सोडावं. कंपनीत तेवढंच सोडतात, कापड वाया जात नाही. आणि आमच्या सहा जणींच्या चोवीस कपड्यांत आतून दीड दीड इंच कापड सोडलेलं.

जेबानं कागद वाचला नव्हता असं नाही, तिला तो पाठ होता. पण हात कागद वाचत नाही. आमच्याकडं टेलर मार्जिन ठेवतोच. बाई जाड होते, ड्रेस थोरलीचा धाकटीला जातो, दोन वर्षांनी उसवून सैल करायला आत कापड पाहिजे. मार्जिन न ठेवणाऱ्या टेलरला आमच्या बाया चोर म्हणतात. झोपेत असलेल्या हातानं आपलं काम नेहमीसारखं केलं. फॅशन शोच्या गाऊनला तिनं उसवायला मार्जिन ठेवलं होतं.

साहेबांनी सगळं ओळखलं. त्यांनी आम्हा सहा जणींना तेवढं थांबवून घेतलं, मॅडमना चहा सांगायला पाठवलं आणि दार लोटलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, "हे सगळं एका हाताचं काम हाय. मार्जिन चुकलंय, पण हात लाखाचा हाय. तो हात या खोलीत असंल तर सांगा. जागा त्याची. बाकीच्यांचं काय ते तुमचं कॉलेज बघून घेईल."

मी नखं बघत होते. जेबा खिडकीकडं बघत होती. तिनं फक्त एक शब्द बोलायचा होता, "मीच." ती लातूरला गेली असती आणि आम्ही पाच जणी वर्ष परत करत बसलो असतो. मला दरदरून घाम फुटला. ती बोलेल या भीतीनं फुटला, हे आज कबूल करते.

मग साहेबांनी सहा जणींना सहा कापडाचे तुकडे दिले. एक वीतभर तुरपाई करा म्हणाले, हात बोलेल. आम्ही बसलो. मी जेबाच्या शेजारीच होते. तिनं सुई ओवली, कड दुमडली, आणि टाके घालायला लागली ते वेडेवाकडे. एक लांब, एक आखूड, मध्येच दोरा ओढून कापडाला चुण्या पाडल्या. ज्या पोरीचे धावत्या गाडीत टाके हलले नाहीत, ती लहान पोरीसारखं शिवत होती. मला कळलं. माझा हात थांबायला पाहिजे होता. पण मला दुसरी तुरपाई येतच नव्हती, तिनं शिकवलेली तेवढी येत होती, आणि मी ती मन लावून केली. शेवटी तीन उलटे टाके, टोक दुमडीत.

तुकडे देऊन आम्ही बाहेर व्हरांड्यात आलो. आत साहेब चहा पीत बसले होते. मी जेबाला कोपऱ्यात ओढलं आणि विचारलं, असं का केलंस. ती भिंतीला टेकली, डोळे मिटले.

"अब्बा म्हणतात, कपडा कुणी शिवला हे गिऱ्हाइकानं सांगावं. टेलरनं सांगू न्हाई."

मग म्हणाली, "मला लई झोप येऊन राहिली, तनू."

गिऱ्हाईक मी होते. दार दहा पावलांवर होतं, नुसतं लोटलेलं. साहेबांचा चहा बराच वेळ चालला, मध्ये त्यांनी बिस्किटंही मागवली. मी तिथंच उभी राहिले. बापाला काय सांगू, वर्ष गेलं तर घरचे बसवून ठेवतील, बाकीच्या चौघी माझ्या जिवावर उठतील. सगळी कारणं खरी होती. पण मी गेले नाही, हेही तितकंच खरं.

मग साहेबांनी मला एकटीला आत बोलावलं. माझा तुकडा त्यांच्या हातात होता. ते शेवटच्या तीन टाक्यांवर बोट फिरवत होते, चोवीस कपड्यांतही तेच टाके होते. म्हणाले, मी मॅडमला काही सांगत नाही, मैत्रिणींना धरून राहिलीस ते मला आवडलं, एक तारखेला लातूरला हजर हो. मला वाटलं आता सांगावं. तोंडातून आलं, "थँक्यू सर."

जेबानं माझं अभिनंदन केलं. खरं केलं, मनापासून, तेच सहन होत नाही. मुखेडला पेढे वाटले गेले. मी लातूरला खोली घेतली आणि सॅम्पलच्या टेबलावर बसले. सात दिवस कड दुमडण्यात निभावलं. आठव्या दिवशी डॉक्टरच्या कोटाची कॉलर आली. तीनदा लावली, तीनदा उसवली, चौथ्यांदा कापडच फाटलं. साहेब मागं कधी येऊन उभे राहिले कळलं नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते स्टूल ओढून बसले आणि एवढंच विचारलं की ते चोवीस कपडे कुणी शिवले.

रिझल्ट लागला होता. आता कुणाचं काही बिघडत नव्हतं. मी सांगितलं, जेबानं, ती त्या दिवशी माझ्या शेजारी बसलेली. साहेबांनी डोळे मिटून आठवून बघितलं. मग म्हणाले की मंजूर जागा एकच आहे, ती आली तर तुला जावं लागेल, हे आधीच सांगतो. आणि फोन काढला.

"नंबर सांग तिचा."

नंबर मला पाठ होता. मी म्हणाले, "तिचं लग्न ठरलंय साहेब. घरचे आता पाठवणार न्हाईत."

साहेबांनी लगेच फोन खिशात घातला. कोण मुलगा, कधी लग्न, काही विचारलं नाही. पोरीचं लग्न ठरलं म्हटल्यावर आमच्याकडं कुणी पुढं काही विचारतच नाही. फाटलेली कॉलर उलटी करून बघितली. मग उठून म्हणाले, मग तुलाच शिकवावं लागंल, आण ती कातरी.

त्याच आठवड्यात जेबाचा मेसेज आला. हिमायतनगरला शाळेचे ड्रेस शिवून राहिले, कंपनीत आणखी एखादी जागा निघाली तर सांग, अब्बा अजून हो म्हणतात. मी जेवत होते. डाव्या हातानं लिहिलं, निघाली की सांगते.